तूर्तपूरचा कायदा

केणी सरांना सायकल चालवता येत नव्हती. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. उलट नव्या माणसाशी ओळख झाली की नावाच्या पाठोपाठ तीच सांगत. "केणी. भूगोल आणि नागरिकशास्त्र. सायकल येत नाही." समोरचा माणूस हसावं की हळहळावं या पेचात पडायचा, तोवर सर म्हणायचे, "काही हरकत असेल तर घ्या."

"हरकत घ्या" हे त्यांचं पालुपद होतं. वर्गात धडा संपला की पुस्तक मिटून ते पोरांकडे बघत आणि नुसतं "हरकत?" एवढंच म्हणत. पोरं गप्प बसली की त्यांचा चेहरा उतरायचा. घरी जेवताना, "माई, आमटीत मीठ जास्त झालंय, हरकत घ्या," असं म्हणायचे. माई आतूनच "घेतली!" म्हणून ओरडायच्या आणि सर मुकाट्याने आमटी संपवायचे. नवरा-बायकोचं भांडण इतक्या कमी शब्दांत मिटलेलं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी पेणच्या शाळेत मराठी शिकवायला नवी नवी लागले होते आणि शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची नेमकी सरांच्या शेजारी आली. पहिल्याच महिन्यात मी त्यांचा एक प्रताप पाहिला. सहलीसाठी त्यांनी एक ठिकाण सुचवलं होतं. मुख्याध्यापक "छान" म्हणाले, बाकीच्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. सर खाली बसले, पुन्हा उठले आणि म्हणाले, "इतक्या लवकर सगळे हो म्हणाले, म्हणजे कोणी ऐकलेलंच दिसत नाही. मी सूचना मागे घेतो." आणि खरोखरच घेतली! त्या वर्षी सहल गेलीच नाही.

असा हा माणूस. अंगाने जरासा सुटलेला, पायात कायम एकाच जातीच्या जाड चपला आणि शर्टाचा वरचा खिसा खडूने पांढरा. मूळचे खाडीकाठच्या एका गावचे, पण शिकलेल्या भाषेत बोलायचे. गावचं कोणी आलं, की मात्र त्यांच्या तोंडात "नाय" आणि "व्हय" हळूच परत यायचं.

नागरिकशास्त्र हा परीक्षेत कोपऱ्यात पडलेला विषय. पोरं तो आदल्या दिवशी वाचणार, आणि शिक्षक तो उरलेल्या तासांत उरकणार. सरांना याचा मनापासून राग होता. वाहतुकीच्या नियमांचा धडा पोरांनी एका दमात घडाघडा म्हणून दाखवला आणि शाळा सुटल्यावर तीच पोरं मेंढरांसारखी हायवेवर घुसली, हे त्यांनी फाटकात उभं राहून पाहिलं. पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी वर्गातल्या पोरांना रामवाडीच्या आपल्या घरी बोलावलं. मागच्या अंगणात माईंनी रांगोळीने रस्ते काढून ठेवले होते. चौक होता, शाळा होती, बाजार होता आणि गेरूने रंगवलेला एक हायवेही होता. पोरांनी पुठ्ठ्याची खोकी सुतळीने खांद्यांना अडकवायची आणि गाड्या व्हायचं. कोणी पोलीस, कोणी पायी चालणारं.

पोरं तीन-चार रविवार आली. मग क्रिकेटचे दिवस सुरू झाले आणि ती पसार झाली. पण त्यांना सोडायला आलेली मोठी माणसं काही हलेनात! एखादा बाप पोराला शोधायला यायचा आणि खोकं अडकवून चौकात उभा राहायचा. वर्षभरात तिथे माझ्यासकट आठ-दहा मोठ्या माणसांची पक्की मंडळी जमली आणि दर रविवारी दुपारी चारच्या सुमारास अंगणातलं ते गाव सुरू व्हायचं.

गावाला नाव द्यायचं ठरलं. तिथला पहिला नियम असा, की कुठलाही ठराव सगळ्यांचे हात वर झाले तरच मंजूर, आणि मंजूर झालेला ठराव उठवायचा तरी सगळ्यांचेच हात हवेत. एक हात खाली राहिला तरी नाही म्हणजे नाही. नावावर काही एकमत होईना. कोणी देवाचं नाव सुचवलं, कोणी पुढाऱ्याचं. पावसाळा संपला तरी गाव बिननावाचंच. शेवटी सर वैतागून म्हणाले, "तूर्तास तूर्तपूर म्हणू." त्याला कोणाचीच हरकत निघाली नाही आणि तेच कायम झालं.

दुसरा नियम सरांच्या डोक्यातून निघालेला. आपण बाहेर जे असू, ते तूर्तपुरात व्हायचं नाही. त्यामुळे मी, मराठीची बाई, ट्रक झाले. साबणाच्या मोठ्या खोक्याच्या मागच्या बाजूला मी स्वतःच्या हाताने 'हॉर्न द्या' लिहिलं होतं आणि वळणावर तोंडाने भोंगा वाजवत होते. पेणजवळच्या जोहे गावचे हरिश्चंद्र मूर्तिकार हे हवालदार. गणपतीचे डोळे रंगवणारा इतका हळव्या हाताचा माणूस, त्याला पहिले दोन रविवार शिट्टीच वाजवता येईना. पुढे वाजवायला शिकले, पण दंड काही कोणाला केला नाही. चूक करणाऱ्याजवळ जाऊन म्हणायचे, "जा ना दादा, परत नको करू." जन्मात गाडीला हात न लावलेले केणी सर बसचे ड्रायव्हर झाले. आणि रोज खरीखुरी बस चालवणारा दामू पाटील तूर्तपुरात पायी चालणारा होता.

दामूबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्यावाचून सरांची गोष्ट पुरी होत नाही. दामू रोह्याजवळच्या एका कंपनीची शिफ्टची बस चालवायचा. पेणहून कामगार भरायचे, नागोठण्यावरून रोह्याला न्यायचे आणि सुटलेली शिफ्ट घेऊन परत यायचं. त्याचा बाप आणि आजा दोघेही मिठागरात राबले. पायांना खारं पाणी लागून पडलेल्या भेगा दामूने लहानपणापासून पाहिलेल्या. घराण्यात स्टिअरिंगवर बसलेला तो पहिला. बस घराजवळून जायची तेव्हा त्याची बायको सखू दारात येऊन उभी राहायची आणि शेजारणी तिला चिडवायच्या, "आला गो तुझा पायलट!" दामू बोलायला कमी. मान ताठ, आणि गाडीत बसलेल्या माणसाचा जीव आपल्या पायाखाली आहे हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

एका रविवारी खेळ संपल्यावर सरांनी खांद्यावरची बस उतरवली आणि म्हणाले, "मला एक नवा कायदा मांडायचाय. आज आपण दोन तास खेळलो. सगळ्या गाड्या गावभर फिरल्या, आणि दामू एकदाच पलीकडे गेला. बाकी सगळा वेळ तो कडेला उभा होता. असं गाव काय कामाचं?"

कायदा साधा होता. पायी माणसाने रस्त्याच्या कडेला तळहात वर केला, की येणारी गाडी जागच्या जागी थांबेल. मग ती कुठलीही असो. आणि तो पलीकडे पोचेपर्यंत ती हलणार नाही.

सगळ्यांचे हात वर गेले. ज्याच्यासाठी कायदा, त्या दामूचा तेवढा खाली राहिला.

"सर, मी खऱ्या गाडीवर बसतो," दामू म्हणाला. "चालणाऱ्यानं गाडीवर भरवसा ठेवला की तो मेलाच. मी उभा राहीन. गाडी गेली की जाईन. मना काय घाई नाय."

सर इतके खूश झाले की काय सांगू! अखेर कोणीतरी हरकत घेतली होती. त्यांनी दामूला मिठी मारायचंच बाकी ठेवलं. "विचार कर," म्हणाले. "पुढच्या रविवारी पुन्हा मांडतो."

पुढचे कितीतरी रविवार तो कायदा मांडला जायचा आणि पडायचा. सरांनी दामूला गळ घातली नाही, बाजूला घेऊन समजावलंही नाही. फक्त कायदा नसतानाही त्यांची बस दामूसमोर थांबू लागली. दामू कडेला दिसला की सर तोंडाने "कच्चऽऽ" असा ब्रेकचा आवाज काढून उभे राहायचे. मागून मी ट्रक घेऊन यायचे, आणि मला काय कळणार बस मध्येच थांबतेय ते? माझं साबणाचं खोकं धाडकन त्यांच्या पाठीवर आदळायचं. सगळे पोट धरून हसायचे. माई दर आठवड्याला बसच्या मागच्या पुठ्ठ्याला कणकेची खळ लावून ठिगळ चिकटवायच्या. हरकत घेण्यासारखी काही गोष्ट असेल तर ती हीच होती. दर रविवारी आमच्या डोळ्यांसमोर घडत होती, आणि हरकतींसाठी जीव टाकणाऱ्या त्या माणसाच्या अंगणात ती एकालाही सुचली नाही.

शेवटी दामूने हात वर केला. गणपतीचे दिवस जवळ आले होते. हरिश्चंद्रांना मूर्तींच्या कारखान्यातून वेळ मिळत नव्हता, तरी ते त्या रविवारी आले होते. दामू म्हणाला, "तुमी रोज माझ्यासाठी थांबता आणि बाई रोज तुमच्या पाठीत घुसते. त्यापेक्षा कायदाच करा. पण तूर्तपुरात हां. हायवेला नाय."

"अर्थात," सर म्हणाले. "हायवेला नाय." माईंनी त्या दिवशी शिरा केला होता.

मग वर्षभर काय मजा चालली होती! दामू कडेला येऊन तळहात वर करायचा, सर कच्चकन थांबायचे आणि दामू नवरदेवाच्या थाटात रस्ता ओलांडायचा. कधी मध्येच उभा राहून मिशा पुसायचा, हवालदारांना रामराम करायचा. तो बोलायला लागला, हसायला लागला. सखू मला एकदा बाजारात म्हणाली, "बाय, रविवारचा माणूस येगळाच असतो बघा."

आणि ही सवय हळूहळू अंगणाबाहेर आली. सर संध्याकाळी रामवाडीला हायवेच्या कडेने फिरायला जायचे. दामूची बस समोरून आली की ते गमतीने तळहात वर करायचे. दामू दिवे लुकलुकवायचा आणि निघून जायचा. आत बसलेले कामगार खिडकीतून हसायचे. दोघांचा तो नमस्कार होता. त्यात वावगं काही आहे असं कोणाच्या मनातही आलं नसेल.

एका श्रावणात, भर पावसाच्या दिवसांत, तो नमस्कार फसला. दामूची बस भरलेली होती. मागे जोह्याकडून कच्च्या मूर्ती घेऊन निघालेला एक टेम्पो होता. सरांनी कडेला उभं राहून हात वर केला आणि दामूने जोरात ब्रेक दाबला. ओल्या डांबरावर बस जागच्या जागी थांबली. टेम्पो मागून घुसला. टेम्पोच्या ड्रायव्हरच्या बरगड्या मोडल्या. बसमध्ये उभी असलेली माणसं एकमेकांवर कोसळली, एकाचा हात मोडला, कोणाचे दात गेले. कोणी दगावलं नाही, एवढंच नशीब. पण गणपती तोंडावर असताना रस्त्यावर मूर्तींचा चुरा पडला होता. पेणच्या माणसाला ते बघवेना. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि पोरं शाडूचे तुकडे वेचून कडेला नीट रचून ठेवत होती. सर त्या गर्दीत इकडून तिकडे जात होते आणि दिसेल त्याला सांगत होते, "माझ्यामुळे झालं हो. मी फक्त हात वर केला होता."

दामू एकच वाक्य बोलला. "सरांचा पाय रस्त्यात होता."

आणि इथे सगळी गोष्ट अडकली. कंपनीने चौकशी लावली. माणूस आडवा आला म्हणून ब्रेक मारला, तर ड्रायव्हरचा दोष नव्हता. नमस्कारासाठी भरलेली बस उभी केली असेल, तर दामू स्टिअरिंगवरून उतरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाडीतल्या कोणाचं पुढे लक्ष नव्हतं; साक्षीदार एकच, केणी सर.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी सखू सरांच्या घरी आली. मी तिथेच होते. ती ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली. "सर, येवढंच बोला. पाय खाली होता येवढंच."

सर म्हणाले, "सखू, पण मी पाय खाली टाकला नव्हता गो. मला पलीकडे जायचंच नव्हतं. मी त्याला नमस्कार केला. मग कसं बोलू?"

"तो बोलतो, होता."

"त्याला तसं वाटलं असेल."

माई म्हणाल्या, "अहो, एका शब्दाने काय बिघडणार आहे? तुम्ही काय सत्यनारायणाला बसताय का उद्या?" सखू निघून गेली. तिने जाताना नेहमीसारखं "येते" म्हटलं नाही.

चौकशीत काय झालं ते मला सरांनीच सांगितलं, एक अक्षर न गाळता. साहेबांनी विचारलं, हात का वर केला? मग सरांनी सगळंच सांगितलं. अंगण, रांगोळीचे रस्ते, पुठ्ठ्याची बस, आणि कायदा. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे हा खेळ आहे का?" सर म्हणाले, "खेळ नाही, सराव आहे." साहेबांनी दामूला विचारलं, "पाटील, तू खेळातला कायदा पाळायला कंपनीची गाडी थांबवलीस?" दामू म्हणाला, "पाय रस्त्यात होता." साहेबांनी परत सरांना विचारलं, "तुमचा पाय रस्त्यात होता?" सर म्हणाले, "नाही."

माझा राग तेव्हा अनावर झाला होता, आणि अजूनही तो पुरता गेलाय असं मी म्हणणार नाही. माझी त्या माणसावर माया होती, पण त्या दिवशी त्यांचा खरेपणा मला नुसता हट्ट वाटला. स्वतःच्या आमटीला हरकत मागणारा माणूस स्वतःच्या आठवणीला एक हरकत घेऊ शकला नाही. दामूने कधी उगाच तोंड उघडलं होतं का? तो म्हणतोय तर असेलही पाय पुढे, इतकं तरी मनात यायला हवं होतं. पण सरांना खात्री होती. खात्री असलेल्या केणी सरांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दामूला गाडीवरून काढलं आणि पॅकिंगला टाकलं. आता तो स्वतःच दुसऱ्याच्या बसमधून शिफ्टला जायचा. कामगार काही बोलत नसत, पण पुढची सीट त्याच्यासाठी रिकामी ठेवायचे. ते त्याला जास्त लागलं असणार. दिवाळीनंतर त्याने पेणची खोली सोडली आणि सखूला घेऊन रोह्याला राहायला गेला.

तूर्तपूर त्यानंतर भरलं नाही. सर दर रविवारी अंगण झाडून घ्यायचे, पण माईंनी रांगोळी काढायला साफ नकार दिला. मग एक दिवस सर मला म्हणाले, "बाई, तो कायदा उठवायला हवा. कायदा उठवल्याशिवाय खेळ सुरू करणं बरोबर नाही. आणि उठवायला सगळ्यांचे हात लागतील. दामूचाही." मी म्हटलं, "सर, आता कसला कायदा? रांगोळीचा?" तरी मी त्यांच्याबरोबर रोह्याला गेले.

पॅसेंजरने गेलो. वाटेत निडी स्टेशनवर गाडी बराच वेळ उभी होती. सर खिडकीशी बसून काय बोलायचं याची पुटपुटत तयारी करत होते. मुलाखतीला निघालेल्या माणसासारखे दिसत होते.

दामूची खोली नदीच्या बाजूला होती. सखूने पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. दामू खाटेवर बसला होता, शिफ्ट करून आलेला, हाताला पॅकिंगच्या पावडरीचा वास. सरांनी सगळं नीट मांडलं. चूक आपली आहे. कायदा अर्धवट होता, मागच्या गाडीचा त्यात विचारच नव्हता. तो उठवावा असं आपल्याला वाटतं. शेवटी म्हणाले, "तुझा हात हवा, दामू."

दामू बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होता.

"नाय सर. मी हात वर करणार नाय."

"का रे? तुझा तर पहिल्यापासून विरोध होता."

"व्हता. पण मी थांबलो ना त्या दिवशी. आता कायदा उठवला म्हणजे मी उगीच थांबलो असं होईल. मी उगीच नाय थांबलो."

सर काहीतरी बोलायला गेले, पण दामूने त्यांना बोलू दिलं नाही. त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमी खोटं बोलला नाय, मना माहीत हाय. सखूलापण सांगितलं मी. पण सर, तुमचा पाय तुमाला दिसत नव्हता. मना समोरून दिसत होता. मी ब्रेक मारला नसता तर आज तुमी इथं चहा मागायला आला नसता."

चहा कोणी मागितलाच नव्हता. तरी सखू उठली आणि तिने स्टोव्ह पेटवला. आम्ही तो चहा प्यालो. सर दोनदा म्हणाले की चहा छान झालाय.

त्यानंतर मी त्यांच्या तोंडून "हरकत घ्या" ऐकलं नाही. वर्गात धडा संपला की पुस्तक मिटून ते सरळ बाहेर पडायचे. पोरांना वाटलं सर आता कडक झाले. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले, आणि निरोपसमारंभात अध्यक्ष त्यांच्याबद्दल वाटेल ते गोड बोलले, ते त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. पूर्वीचे सर असते तर मध्येच उठले असते. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. एखाद्याचा गुन्हा नसताना त्याच्या हातून इतकं मोडतं, आणि ज्याचं मोडलं तो माणूस त्याच्यावर रागावतही नाही, तेव्हा मोडणाऱ्याने काय करायचं असतं, हे मला आजही माहीत नाही.

माझी महाडला बदली झाली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, दशक संपत आलं होतं तेव्हा, कामासाठी पेणला आले होते. ऊन कलतं होतं. रामवाडीला हायवेच्या कडेला केणी सर उभे दिसले. केस पांढरे झाले होते, अंग उतरलं होतं. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. रस्ता दोन्ही बाजूंनी लांबपर्यंत रिकामा होता आणि ते ओलांडत नव्हते. मी थोडा वेळ बघितलं. दोन गाड्या येऊन गेल्या, पुन्हा रस्ता मोकळा झाला, तरी ते तिथेच.

मी जवळ गेले. त्यांनी मला लगेच ओळखलं. माईंच्या गुडघ्यांचं सांगितलं, हरिश्चंद्रांच्या मुलाने कारखाना वाढवल्याचं सांगितलं. मग मी विचारलं, "सर, पलीकडे जायचंय ना? रस्ता मोकळा आहे."

"हो, जायचंय," ते म्हणाले. "पण आधी जरा एक बघता का, बाई? माझे पाय कडेलाच आहेत ना? मी मागेच उभा राहतो हल्ली. चांगला मागे."

मी खाली बघितलं. उजवा पाय मातीत होता. डावा पाय जाड चपलेसकट पुरता डांबरावर होता.

खोटं बोलावंसं मला फार वाटलं. पण त्यांच्याशी ते जमेना. "सर, एक पाऊल मागे या," मी म्हटलं.

त्यांनी मान वाकवून खाली बघितलं. बघतच राहिले. पाय मागे घेतला नाही. शेजारून एक ट्रक भोंगा वाजवत गेला तेव्हा मीच त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं.

"दामू खरं बोलत होता," ते म्हणाले. आणि लगेच, "आता रोह्याला गाडी आहे का हो?"

मी त्यांना हाताला धरून पलीकडे नेलं, स्टँडवर आणलं. रोह्याची गाडी लागलेलीच होती. उद्या जा म्हटलं, माईंना तरी कळवून जा म्हटलं, पण ते ऐकेनात. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले आणि पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. गाडी सुटली तेव्हा त्यांनी वळून पाहिलं नाही. मी त्यांना बघितलं ते तेव्हाच शेवटचं.

दामू आणि सखू रोहा सोडून गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नव्हतं. हे मला पुढच्या महिन्यात हरिश्चंद्रांकडून कळलं.